आठ झबल्यांचं कापड

बाळाच्या एका झबल्याला पाऊण मीटर कापड लागतं, तर आठ झबल्यांना किती लागेल? सांगा बघू. सहा मीटर. एका झबल्याला एवढं कापड कशाला, असं म्हणाल तर बाळ गुटगुटीत आहे असं समजा, पण उत्तर सहाच. ह्याला पाटीसुद्धा लागत नाही. आणि ह्या एवढ्याशा गणितापायी मी एका कोट-टोपीवाल्या, समाजात मान असलेल्या, नातवंडं असलेल्या गृहस्थाशी जी भांडले, ती आठवण निघाली की आजही माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, झालं गेलं, आता सोड की. का म्हणून सोडू? चूक माझी असती तर कधीच सोडलं असतं.

तेव्हा मी बंगळूरच्या पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत होते. यजमानांची सरकारी कारखान्यात नोकरी, म्हणून आमचं बिऱ्हाड जयनगरात. जयनगर नुकतं कुठं आखून झालं होतं. रस्ते हे एवढे रुंद, घरं तुरळक, आणि बसची वाट बघून बघून जीव जायचा. शाळा म्हणजे समाजाच्या कार्यालयामागच्या चार खोल्या. पुढं लग्न असलं की सनईपुढं माझा भागाकार कुणाला ऐकू येणार? मग मुलांना अंगणात नेऊन कवायत घ्यायची. मुलं सगळी पेठेतल्या जुन्या मराठी घरांतली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि बोलताना दोन्हीची मिसळ. "बाई, स्वल्प थांबा की, लिहून होईना" असं म्हणायची. मी निपाणीकडची, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आमचं छान जमायचं.

ते दिवस गणिताला फार वाईट होते. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, त्यांच्या मागोमाग मीटर आले, किलो आले, पण लोकांच्या तोंडातून आणे काही जायला तयार नव्हते. आणि आणे काय फक्त बाजारात होते होय? काम अर्धं झालं की आठ आणे काम झालं. बस पाऊण भरली की बारा आणे भरली. पोराचा ताप थोडा उतरला की चार आणे बरं आहे. अर्धा म्हणजे आठ आणि पाऊण म्हणजे बारा, हे मुलांनी आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेलं.

त्यामुळं दशांश अपूर्णांक शिकवायला घेतले आणि आली पंचाईत. साडेतीन लिहा म्हटलं की सगळा वर्ग लिहायचा ३.८. पाऊण म्हटलं की ०.१२. एक नाही, दोन नाही, अख्खा वर्ग! मला आधी वाटलं एकमेकांचं बघून लिहितात. कान पिळायला हात पुढं केला आणि एकदम उजेड पडला. अगं बाई, हे आणे लिहितायत! आठ आण्यांचे आठ आणि बारा आण्यांचे बारा. मुलांची काय चूक त्यात? घराघरात जे चालतं तेच ती पाटीवर उतरवत होती. मला हसूही आलं आणि डोकंही धरावंसं वाटलं.

मग मी पाढे बाजूला ठेवले आणि भागाकार काढला. अर्धा म्हणजे काय? एका भाकरीचे दोन वाटे. तर एकाला दोनानं भागा. भाग जात नाही? मग वर शून्य द्या, पॉइंट द्या, खाली एकावर शून्य घ्या. झाले दहा. बे पंचे दहा. अर्धा म्हणजे पॉइंट पाच. आता पाऊण. तीन भाकरी, चार जण. तिनाला चारानं भाग जात नाही. शून्य, पॉइंट, तीस. चार सत्ते अठ्ठावीस, उरले दोन. पुन्हा शून्य घ्या, वीस. चार पंचे वीस. पॉइंट पंचाहत्तर. रोज सकाळचा पहिला तास हेच. एक जण फळ्याशी, बाकीचे जमिनीवर पाट्या घेऊन, आणि शून्य घ्यायची वेळ आली की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "शून्य उतरव!" शेजारच्या तिसरीच्या बाई भिंतीवर थापटी मारायच्या. मारू देत.

ह्या वर्गात खिडकीशी बसणारी एक मुलगी होती. अंगानं किरकोळ, दोन वेण्या, आणि जिभेवर कायम "का?" पॉइंट का द्यायचा? शून्य कुठून आलं? एकदा फळ्यावर कुणीतरी पुन्हा अर्ध्याचं ०.८ केलं, तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "अर्धा आणि अर्धा मिळून एक होतो की नाही? मग पॉइंट आठ आणि पॉइंट आठ मिळून एक पॉइंट सहा कसा झाला?" वर्ग आधी हसला, आणि मग जो तो आपापल्या पाटीवर बेरीज करायला लागला. मी इतके दिवस घसा कोरडा करत होते, ते ह्या पोरीनं एका वाक्यात केलं. त्या दिवसापासून वर्गात ०.८ दिसलं नाही. मग आम्ही दशांशाचे गुणाकार घेतले. पॉइंट विसरून गुणायचं, मग दोन्ही संख्यांतले पॉइंटच्या पुढचे आकडे मोजायचे, आणि उत्तरात उजवीकडून तितके सोडून पॉइंट द्यायचा. फेब्रुवारीपर्यंत माझी मुलं हे झोपेत करायला लागली होती. खोटं नाही सांगत.

त्या मुलीचं घरचं मला ठाऊक होतं. वडील एका दुकानात कारकून, आई सतत आजारी, पाठीवर दोन लहान भावंडं. तिला घरी ठेवावं असं घरात रोज बोलणं चालायचं. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, चौथी पास झालीस तर मुलींच्या शाळेत पाचवीला घालतो, नापास झालीस तर घरी बसायचं, पुन्हा चौथी करत बसायला आपल्याकडं सवड नाही. हे तिनं मला रडून नाही सांगितलं. फळा पुसता पुसता सांगितलं आणि वर म्हणाली, "नापास कशाला होईन, बाई? मला सगळं येतंय." आणि खरंच येत होतं. तिच्याबद्दल मला तसूभर काळजी नव्हती.

आता अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. हिशेबखात्यातून रिटायर झालेले, पांढरास्वच्छ कोट, काळी टोपी, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पेठेत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, म्हणून मीही म्हणत असे. शाळेसाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या होत्या, हे मी नाकारत नाही. रोज सकाळी येऊन मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी स्वतः म्हणून घ्यायचे. "एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन," हातातल्या काठीनं ताल धरून. आणि शाळेची एक पद्धत होती. चौथीचा गणिताचा पेपर अध्यक्षांनी काढायचा आणि अध्यक्षांनीच तपासायचा. का, ते विचारायचं नाही. पहिल्यापासून तसंच चालत आलं होतं.

परीक्षा तोंडावर आली आणि अण्णांनी जाहीर केलं की चौथीचे जादा तास ते स्वतः घेणार. मला पाठवलं बिगरीची मुलं सांभाळायला. मी तिकडं शेंबूड पुसत बसले, आणि इकडं अण्णांनी माझ्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतलं. मुलांना सांगितलं, आपण पूर्वी तीन रुपये बारा आणे कसे लिहायचो? तीन, रेघ, बारा. आता सरकारनं रेघ काढली आणि टिंब दिलं. बाकी सगळं तेच. रेघ गेली, टिंब आलं! पाऊण म्हणजे पॉइंट बारा, अर्धा म्हणजे पॉइंट आठ. संपलं दशांशाचं गणित.

माझ्या खिडकीवालीनं तिथंही हात वर केला. अर्धा आणि अर्धा किती, विचारलं. अण्णा म्हणाले, "मोठी शहाणी लागून गेलीस! बस खाली." हे तिनंच मला दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी येऊन सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच मुख्याध्यापिकाबाईंकडं गेले. म्हटलं, मुलांना सपशेल चूक शिकवतायत, तुम्ही बोला. बाई स्वभावानं गरीब. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "बोलते हं मी. योग्य वेळ बघून बोलते." ती योग्य वेळ त्यांच्या आयुष्यात आली नाही. मूग गिळून बसल्या त्या बसल्याच.

मी वर्गात जाऊन मुलांना स्पष्ट सांगितलं, पाऊण म्हणजे पॉइंट पंचाहत्तर, आणि हे सांगायला कुणीही येवो, बदलत नाही. पण पेठेतली पोरं ती, बाजाराच्या तोंडावर वाढलेली. पेपर कोण तपासणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेत झबल्यांचं गणित आलं. अडीच किलो साखरेचे पाच सारखे वाटे करा, हे आलं. निम्मा पेपर पाव, अर्धा आणि पाऊण ह्यांचाच होता, आणि वर ठळक अक्षरात, "दशांश पद्धतीने सोडवा." मुलांनी अण्णांना हवं तसं लिहिलं. माझ्या खिडकीवालीनं तिनाला चारानं भागून पॉइंट पंचाहत्तर काढले, आठानं गुणले, आणि लिहिलं सहा मीटर. निकाल लागला. वर्ग पास. ती एकटी गणितात नापास.

मी पेपर मागून घेतला. तिच्या सहा मीटरवर लाल फुली. साखरेच्या अर्ध्या किलोवर लाल फुली. आणि शेजारी अण्णांच्या वळणदार अक्षरात बरोबर उत्तर: ०.९६ मीटर. आठ झबली एका मीटरच्या आत! एका पोरानं तर नुसतं शहाण्णव मीटर लिहिलं होतं, त्याला "टिंब विसरले" असा शेरा देऊन अर्धे मार्क. शहाण्णव मीटरला अर्धे आणि सहा मीटरला भोपळा! मी तिथंच खुर्चीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे देवा, ह्या माणसाला काय म्हणू मी?" मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईनं दार लोटून घेतलं.

आणि बघा, नुसते जुने आणे धरले असते तरी चाललं असतं हो. बारा आणे आठ वेळा, शहाण्णव आणे, त्यांचे रुपये सहा. जुन्या रीतीनं सहा, नव्या रीतीनं सहा. जन्मभर हिशेबखात्यात घालवलेल्या ह्या गृहस्थानं बारा घेतले जुन्या रीतीतले आणि पॉइंट दिला नव्या रीतीचा. दोन धडधाकट रीती एकत्र करून चूक उत्तर काढायचं म्हणजे त्यालाही कर्तबगारी लागते!

त्याच संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले. जाताना दुकानातून मलमल घेतली, बरोबर शहाण्णव सेंटीमीटर. दुकानदार म्हणाला, मीटरच घ्या की, अक्का. म्हटलं, नाही, एवढीच पाहिजे. अण्णा ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. आधी मी सरळ विचारलं, "अण्णा, आठ पाऊणे किती?" ते ताबडतोब म्हणाले, "सहा." म्हणणारच, रोज सकाळी म्हणून घेत होते. म्हटलं, मग त्या मुलीनं सहाच लिहिलंय. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, ते पाढ्याचं झालं. पेपर दशांशाचा होता."

"पाढ्यात सहा आणि दशांशात एकसुद्धा नाही? कापड तेच ना, अण्णा?"

"तुम्ही कालच्या मुली. मला हिशेब शिकवायला आलात?"

मी मलमल काढली. दुमडली, परत दुमडली, तिसऱ्यांदा दुमडली. झाले आठ भाग. एक भाग उलगडून त्यांच्या समोर धरला. हाताची चार बोटं आणि वर जेमतेम दोन. म्हटलं, "हे तुमच्या उत्तरातलं एक झबलं. कुठल्या बाळाला घालायचं ते तुम्हीच सांगा. बाहुलीलासुद्धा होणार नाही." अण्णांनी कापडाकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "हे शिंप्याचं काम झालं, बाई. आपण गणिताबद्दल बोलतोय."

काय करावं अशा माणसाचं? मी हात टेकले. आणि मध्येच हेही सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. पुढच्या वर्षी अण्णांनी जो पेपर काढला त्यात पाऊण म्हणजे मुकाट्यानं ०.७५ होता. कुणाला काही सांगितलं नाही, चुकलं म्हणाले नाहीत, जादा तासही घेतले नाहीत. म्हणजे त्या संध्याकाळी ओट्यावर त्यांना कळलं होतं! कळूनसवरून त्या एवढ्याशा पोरीच्या पेपरावरची फुली त्यांनी तशीच राहू दिली. नुसतं अडाणीपण असतं तर मी केव्हाच माफ केलं असतं. हे मी माफ करणार नाही.

मी पाठ सोडत नाही म्हटल्यावर अण्णांनी एक तोड काढली. म्हणाले, मुलीची तोंडी परीक्षा घेऊ. माझ्यासमोर उभी राहील, जादा तासात शिकवलेल्या रीतीनं उत्तर देईल, मी दाखल्यावर सही करीन. म्हणजे तिनं चूक म्हणायचं आणि ह्यांनी पास म्हणायचं. वर मला म्हणाले, "मुलीचं वर्ष वाया जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे." उपकारच की!

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. हातात टोपी, दाराशीच उभे. म्हणाले, "अक्का, अण्णांनी निरोप धाडलाय. तिला काय म्हणायचं ते शिकवा. ती म्हणेल."

म्हटलं, "मी नाही शिकवणार. ती बरोबर आहे. मी वरच्या कचेरीत अर्ज करते."

"अर्ज करून कधी उत्तर यायचं? शाळा भरते जूनमध्ये."

"तोवर मी—"

"अक्का, स्वल्प समजून घ्या." त्यांचा आवाज एकदम वाढला. "तुमचं बरोबर असेल. माझं कुठं नाही म्हणणं? पण घरात तिला आताच म्हणायला लागलेत, झाली नापास, आता धर केरसुणी. तिची आजी उद्यापासून तिला चुलीपुढं बसवायला टपलीय. मी एकटा किती दिवस धरून ठेवू? एक आकडा म्हणायचाय तिला. म्हणू द्या की."

मला त्यांचाही राग आला. आणि राग येऊन करायचं काय? तो माणूस मुलीला शाळेत घालायला धडपडत होता, आणि तिला शाळेत जायला चूक उत्तर लागत होतं. मी म्हटलं, तुम्हाला शिकवायचं तर शिकवा, माझ्या तोंडून ते निघणार नाही. "सरी, बरं तर," म्हणाले आणि गेले.

तोंडी परीक्षा कार्यालयाच्या सभागृहात झाली. अण्णा टेबलामागं. बाजूला मुख्याध्यापिकाबाई. वर्गशिक्षिका म्हणून मला खुर्ची दिली होती. दाराशी तिचे वडील. मुलगी मधोमध उभी, वेण्या घट्ट घातलेल्या, अंगावर सणाचं परकर-पोलकं. कुणीतरी सकाळपासून तिला नटवलं होतं. अण्णांनी प्रेमळ आवाज काढला.

"सांग बाळ. एका झबल्याला पाऊण मीटर, तर आठ झबल्यांना?"

ती म्हणाली, "शून्य पॉइंट शहाण्णव मीटर."

खडखडीत, एका दमात. माझ्याकडं बघितलं नाही. मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, "चूक! साफ चूक! आणि अण्णा, तुम्हाला ठाऊक आहे की हे चूक आहे." सभागृहात आवाज घुमला. अण्णांनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाले, "बाई, मुलीला पास करायचंय की नाही? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ती पोर माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. हात जोडले होते. म्हणाली, "बाई, नको ना."

मी खाली बसले. अण्णांनी विचारलं, "अर्धा आणि अर्धा?" म्हणजे हेही त्यांच्या लक्षात होतं बरं का! बारीकसा डूख धरून बसले होते नऊ वर्षांच्या पोरीवर. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल ते, अण्णा." अण्णा खूश झाले. "शाब्बास," म्हणाले आणि सही केली. वडिलांनी तिला त्यांच्या पाया पडायला लावलं. मग माझ्याही पाया पडायला लावलं. मी तिला उठवलं तेव्हा तिच्या पाठीला घाम आला होता.

घरी गेले ती जेवलेच नाही. यजमान म्हणाले, अगं, पास झाली ना पोरगी? मग रडतेस कशाला? पास झालीच होती. दाखला मिळाला, मुलींच्या शाळेत नाव लागलं, आजी गप्प बसली. सगळे खूश होते. पेठेत लोक म्हणायचे, अण्णांनी पोरीचं कल्याण केलं. हे ऐकून माझा जळफळाट व्हायचा, पण लोकांच्या तोंडाला काय मी हात लावणार होते?

मे महिन्यात मी पाचवीला जाणाऱ्या मुलींना शाळेच्या ओसरीवर सरावाला बोलवायची. नव्या शाळेत मुली कमी पडू नयेत म्हणून. कुणाला कंटाळा आला की मधूनच गोष्ट, मधूनच चिंचा, पण भागाकार सुटायचा नाही. ती पहिल्याच दिवशी आली. मला वाटलं, बरं झालं, त्या दिवसाचं सगळं धुऊन निघेल. मुद्दाम तिच्या आवडीचं गणित घातलं, अडीच गुणिले साडेतीन. एरवी मी "गुणिले" म्हणेपर्यंत हिची पेन्सिल चालायला लागायची. बाकीच्या मुलींनी माना खाली घातल्या, पाट्या खरडायला लागल्या. ही तशीच बसून.

म्हटलं, "काय गं? विसरलीस?"

"नाही, बाई. येतंय."

"मग कर की."

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "बाई, त्या शाळेत अण्णा कोण आहेत?"

"तिथं कुणी अण्णा नाहीत. तू गणित कर."

"असतील की कुणीतरी, बाई." मलाच समजावून सांगावं अशा सुरात ती म्हणाली, आणि पेन्सिल पाटीच्या चौकटीवर नीट आडवी ठेवून दिली. "त्यांना पाऊण कसा पाहिजे असतो, ते तुम्ही आधी विचारून या ना. मग मी तसं करते."